मुद्देमालातलं मडकं

माझा विषय सांगितला की समोरचा माणूस आधी हसतो. "दारूवर पीएचडी? मग फील्डवर्क तर जोरात चाललं असेल!" नातेवाइकांकडून, एसटीतल्या शेजाऱ्यांकडून आणि एकदा तर मुलाखतीच्या पॅनेलवरच्या तज्ज्ञांकडूनही हा विनोद ऐकून झालाय. आता मीही हसते आणि पुढे जाते. पण तुम्ही यंदा पेट किंवा नेट देणार असाल, संशोधनाचा प्रस्ताव लिहायला घेतला असेल, तर तुम्हाला खरं उत्तर द्यायला हवं. माझा विषय दारू नाही. माझा विषय भांडं आहे.

यवतमाळ जिल्ह्यात मोहाच्या फुलांपासून घरी दारू काढायची जुनी रीत आहे. ती कशात आंबवली, कशात गाळली, कशात साठवली, आणि ती भांडी कोणी, कधी, कशासाठी फोडली, याचा इतिहास मी लिहितेय. सुरुवातीला माझ्या प्रस्तावाचं नाव होतं 'वऱ्हाडातील अबकारी धोरण आणि आदिवासी समाज'. गाईडनी ते वाचलं आणि म्हणाले, "हा विषय नाही, हे कपाट आहे. यातली एक वस्तू बाहेर काढून दाखव." मला राग आला होता. दोन महिने तो राग घेऊन मी जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं चाळत होते, आणि ती वस्तू तिथेच सापडली.

छाप्याची बातमी कशी असते ते आठवून बघा. अमुक शिवारात नाल्याच्या काठी धाड. मोहा सडवा इतके लिटर, प्लास्टिकचे ड्रम इतके, जर्मनचा गंज एक, पिपे दोन, डबकी चार. एकूण मुद्देमाल इतक्या रुपयांचा. सडवा जागीच नष्ट केला. आरोपी पसार. म्हणजे माणूस निसटतो आणि भांडी मात्र नग, आकार, किंमत अशी सगळी नोंदली जातात. अबकारीच्या जुन्या कागदांतही काही वेगळं नाही. ज्या बाईने दारू गाळली तिचं वय, तिची भाषा, ती कोणासाठी गाळत होती, हे शोधायला जाल तर हात रिकामे राहतात. मग म्हटलं, कागद जे मोजतोय तिथूनच सुरुवात करू.

आधी हे भांडं चालतं कसं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं काही लागणार नाही.

मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. रात्री फुलं गळतात, पहाटे बायका-पोरं वेचायला जातात. ही फुलं गोड आणि मांसल असतात. वाळवून वर्षभर ठेवता येतात, भाजून-शिजवून खाता येतात, बैलाला चारता येतात, बाजारात विकता येतात. दारू हा त्यांचा एक उपयोग आहे, एकमेव नाही. (हे वाक्य डोक्यात ठेवा, कायद्याच्या गोष्टीत ते परत येणार आहे.) वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालून काही दिवस ठेवली की ती आंबतात. या आंबलेल्या मिश्रणाला म्हणतात सडवा. थंडीत जास्त दिवस लागतात, उन्हाळ्यात कमी.

सडवा तयार झाला की चुलीवरच्या मोठ्या मडक्यात तो ओततात. त्यावर दुसरं भांडं, ज्याच्या बुडाला भोकं असतात, आणि त्याच्या आत एक छोटं भांडं. सगळ्यात वर थंड पाण्याचा गंज. सांधे ओल्या मातीने किंवा फडक्याने लिंपून टाकतात, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. खालून वाफ वर येते, थंड पाण्याच्या बुडाला लागून थिजते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. गाळणारी बाई दारूचा कस मोजते तो या बदललेल्या पाण्यांवर. पाणी जितक्या वेळा बदललं, तितकी दारू पातळ होत जाते. आपण मराठीत सहज म्हणतो, 'पहिल्या धारेची'. तो वाक्प्रचार इथलाच आहे. दुसऱ्या तऱ्हेत मडक्याच्या तोंडातून पोकळ बांबूची नळी निघते आणि पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात जाते.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त उसाच्या आंबवणातून दारू गाळायच्या तीन तऱ्हा दिल्या आहेत. पहिलीत गाळायच्या भांड्यातच एक वाटी बसवतात आणि वर थंड पाण्याचं भांडं ठेवतात. दुसरीत नळ्या जोडून गार पाण्यातल्या भांड्यात दारू उतरवतात. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात जवळजवळ ओरडलेच. चारशे वर्षांपूर्वीचं भांडं मी पांढरकवड्याच्या पलीकडे पाहून आले होते! त्याच रात्री प्रकरणाचं पहिलं पान लिहिलं: 'अखंड परंपरा' वगैरे. ते पान आता माझ्याकडे नाही, आणि बरंच झालं. तंत्र सारखं दिसतं म्हणून परंपरा अखंड ठरत नाही. आईनमधलं भांडं पितळेचं, माल उसाचा, वर्णन बादशाही कारभाराच्या ग्रंथातलं. इथलं मडकं मातीचं, माल जंगलातला. मधल्या काळाचा एकही पुरावा माझ्या हाती नव्हता. वाफेला थंड करायचे सोपे मार्ग जगात दोन-चारच आहेत, त्यामुळे ते अनेक ठिकाणी आपापले सापडू शकतात. साम्य दिसलं की आधी ते वहीत प्रश्न म्हणून लिहा, उत्तर म्हणून नको.

आता भांड्याची निगा. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि प्रबंधात त्याला सगळ्यात कमी जागा मिळालीय.

अमेरिकेत आणि इंग्लंडात घरी बिअर करण्याचा छंद मोठा आहे. तिथले लोक ती स्टीलच्या उभ्या पिंपात भरतात, त्याला केग म्हणतात. त्यातला सर्वात लोकप्रिय केग मुळात बिअरसाठी नव्हताच. तो कोल्ड्रिंक कंपन्यांच्या सिरपचा डबा. कंपन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशव्यांकडे वळल्या, हे डबे भंगारात स्वस्त झाले आणि छंदिष्टांनी उचलले. त्याची निगा म्हणजे एक सततची लढाई असते. झाकणाखालचे रबरी वायसर बदला, झडपा खोला, नळ्या धुवा, निर्जंतुक करा. मागच्या घाण्याचा कणही राहिला तर पुढचा घाणा नासतो. कायदाही त्यांच्या बाजूला वळला. इंग्लंडात घरच्या बिअरला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक दिली. गाळण्याची परवानगी मात्र त्या कायद्यांनी दिली नाही, फक्त आंबवण्याची.

मोहाच्या मडक्याची निगा याच्या बरोबर उलट आहे. केगमध्ये काही मागे राहू द्यायचं नाही, मडक्यात काहीतरी मागे राहू द्यायचं. मातीच्या भांड्याला सूक्ष्म छिद्रं असतात. मागच्या सडव्यातले आंबवणारे जीव त्यांत टिकून राहतात, म्हणून मुरलेल्या मडक्यात नवा सडवा लवकर उठतो. विरजणाच्या भांड्याचं तत्त्व आपल्या प्रत्येक आजीला माहीत असतं, हे त्याचंच भावंड. साबण लावायचा नाही, नुसत्या पाण्याने खंगाळायचं आणि पालथं ठेवायचं. एका पोडावरच्या आजीने (कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात) मला हे सांगितलं आणि मी वहीत उतरवायला लागले, तशी ती म्हणाली, "हे बी लिवून रायली काय पोरी? हे तं कोनीबी सांगन." पण आजवर कोणत्याही अबकारी अहवालात मी ते वाचलेलं नाही. अहवालात मडकं दिसतं ते पकडल्यावर. धुतलं जाताना ते कोणालाच दिसत नाही.

हे आंबट अवशेष लक्षात ठेवा. पुढे हेच पुरावा म्हणून उभे राहतात.

राज्यसंस्था आणि मद्य यांचं नातं जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाचा अधिकारीच आहे, आणि तरीही उत्सव, समाज, यात्रांच्या वेळी चार दिवस लोकांना स्वतः मद्य करण्याची मुभा आहे. म्हणजे घरगुती मद्य हा राज्याने ओळखलेला अपवाद होता. हा एवढाच मुद्दा घेऊन मी पुढे सरकते, कारण अर्थशास्त्रावरून थेट यवतमाळवर उडी मारणारे प्रबंध खूप झालेत.

ब्रिटिश काळात यवतमाळचं भौगोलिक स्थान विलक्षण होतं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, पण मालकी कागदोपत्री निजामाचीच. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं. त्याआधी आजच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगेपलीकडे निजामाचं राज्य, पूर्वेला वर्धा नदीपलीकडे मध्यप्रांताचा चांदा जिल्हा, आणि मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखालचा हा भाग. नदी ओलांडली की अबकारीचा कारभार बदलायचा, मोहाचं झाड मात्र तेच राहायचं. तेलुगूत त्याला 'इप्प' म्हणतात, आणि सीमेवरच्या गावांत दोन्ही शब्द ऐकू येतात.

इथे अभिलेखागारात जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. १९०५ च्या आधीच्या कागदांत 'यवतमाळ जिल्हा' शोधू नका, सापडणार नाही. तेव्हा तो वणीच्या नावाने होता, इंग्रजी कागदांत 'वून'. १९०५ च्या फेररचनेत नाव बदललं, बाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला आला. म्हणजे पुसदचे जुने कागद बाशीमच्या गठ्ठ्यात. मोहाची नावंही अनेक: म्हौरा, मोवरा, महुआ, मोहवा, आणि वनस्पतिशास्त्रात पूर्वी बॅसिया लॅटिफोलिया, आता मधुका लाँगिफोलिया. माझे पहिले तीन आठवडे फक्त स्पेलिंगमध्ये गेले.

अबकारीचं तत्त्व एका ओळीत सांगायचं तर दारू कोण पितो यापेक्षा ती कुठल्या भांड्यातून निघते यावर ताबा ठेवायचा. त्यासाठी मध्य भारतात दोन पद्धती होत्या. आउटस्टिल पद्धतीत लिलाव घेणाऱ्याला ठरावीक भागात भट्टी लावून तिथेच विकायची मुभा मिळे. म्हणजे सरकार भट्टी विकत होतं, दारू नाही. सरकारी डिस्टिलरीच्या पद्धतीत गाळणं एका आवारात आणलं जाई आणि बाहेर पडणाऱ्या दारूवर कर बसे. १९०५-०६ च्या इंडियन एक्साइज कमिटीनंतर कल दुसऱ्या पद्धतीकडे पक्का झाला. दोन्हींत एक गोष्ट समान होती: घरातलं मडकं बेकायदा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात कलारांवर स्वतंत्र लेख आहे, कारण परवान्याचा धंदा त्यांच्या हाती होता. घरी गाळणाऱ्या बाईवर लेख नाही, ती कुठली 'जात' नव्हती ना!

मुंबई इलाख्याने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे १८९२ मध्ये म्हौरा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर भांडं सोडा, फूल बाळगण्यावरच निर्बंध आले. उरणला मोठ्या डिस्टिलऱ्या होत्या, त्यांना मोहाची फुलं गुजरातेतून येत. त्यांच्या दारूवरचा महसूल सांभाळायचा तर गावोगावचं मडकं उपाशी ठेवणं हा सोपा उपाय. मघाचं वाक्य आठवा: फुलं लोक खात होते, गुरांना घालत होते. दक्षिण गुजरातेतल्या दारूवर डेव्हिड हार्डिमन यांनी 'रूढीपासून गुन्ह्यापर्यंत' अशा अर्थाचं शीर्षक असलेला लेख १९८५ मध्ये लिहिला. संशोधनाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं, पण वाचून झाल्यावर तोच साचा विदर्भावर उमटवायचा मोह टाळावा. (शब्दाची गंमत आपोआप झाली.) तो कायदा वऱ्हाडात नव्हता. इथल्या बाईकडे फुलं असणं चालत होतं. नडत होतं ते मडकं.

आणि मडक्यांनी आपलं रूप बदललं. विसाव्या शतकात घासलेटचे चौकोनी पत्र्याचे डबे, आपले 'पिपे', खेड्यापाड्यांत पोचले. एकात साधारण अठरा लिटर मावायचं. पत्रा फुटत नाही, डोक्यावर नेता येतो, टाकून पळता येतं. मग ॲल्युमिनियम. आल्फ्रेड चॅटरटन यांनी मद्रासच्या कलाशाळेत १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली, आणि पुढे ही हलकी, स्वस्त भांडी 'जर्मनची' म्हणून घराघरात गेली. थंड पाण्याच्या वरच्या भांड्यासाठी जर्मनचा गंज मातीपेक्षा फार चांगला, कारण धातू उष्णता पटकन ओढतो. हे तंत्राचं पाऊल कोणत्याही सरकारने टाकलेलं नव्हतं, ते बायकांनी आपल्या चुलीवर टाकलं. त्यानंतर दोनशे लिटरचे प्लास्टिकचे ड्रम, ज्यांत आधी रसायनं किंवा तेल असायचं. अमेरिकेतला छंदिष्ट भंगारातून सिरपचा डबा उचलतो तसंच. फरक एवढाच की त्याच्या डब्यात आधी साखरेचं पाणी होतं. या ड्रममध्ये काय होतं हे आतल्या सडव्याला आणि पिणाऱ्याला माहीत नसतं.

पण मातीकडून प्लास्टिककडे लोक वळले ते फक्त स्वस्ताईमुळे, असं मला वाटत नाही. इथे माझं म्हणणं मांडते, आणि ते अजून अंदाजाच्या पातळीवर आहे हे आधीच सांगते.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५९ मध्ये हा कायदा विदर्भाला लागू झाला. त्याच्या कलम ६५ (फ) प्रमाणे ताडी सोडून कोणतंही मादक द्रव्य तयार करण्यासाठी सामग्री, भट्टी, भांडी, अवजारं बाळगणं हाच गुन्हा आहे. जिल्ह्यातल्या छाप्यांच्या बातम्यांत हा '६५ (फ)' सारखा भेटतो. आता विचार करा. ज्या गंजात लग्नाचा भात शिजतो तोच गंज भट्टीवर बसतो. मग तो 'दारूसाठी' होता हे ठरवायचं कसं? वासावरून आणि तळाशी राहिलेल्या अवशेषावरून. म्हणजे मडकं चांगलं राखायचं तर अवशेष ठेवायला हवा, आणि पकडलं जायचं नसेल तर अवशेष ठेवता कामा नये. चांगली निगा हाच गुन्ह्याचा पुरावा झाला.

या पेचातून वाट काय? भांडं घराबाहेर न्या, नाल्यात पुरा, असं भांडं वापरा जे टाकून देताना जीव तुटणार नाही. मुरलेलं मडकं नाही तर आंबवण मंदावतं, मग त्यात गूळ आणि नवसागर आला. नवसागर म्हणजे कल्हईवाल्याकडचा तोच पांढरा खडा, अमोनियम क्लोराइड, तो आंबवणाऱ्या जिवांना खाद्य पुरवतो. आणि नाल्यावरचा ड्रम घरातली म्हातारी सांभाळू शकत नाही, रात्री तिथे तरणे पुरुष लागतात, मग विकायलाच काढावं लागतं. चुलीपासून नाल्यापर्यंतच्या या शंभर-दोनशे पावलांत दारूही बदलली आणि ती काढणाराही. कायद्याने दारू थांबवली नाही, तिचा पत्ता बदलला, असं मी प्रकरणात लिहिलंय. माझ्या गाईडनी बाजूला पेन्सिलने लिहिलं: 'तारीख?' बरोबर आहे. हे नेमकं कोणत्या दशकात झालं हे दाखवता आलं नाही तर हा फक्त एक छान दिसणारा तर्क आहे. सध्या मी जप्तीच्या याद्यांतून 'माती', 'पत्रा', 'जर्मन', 'प्लास्टिक' हे चार शब्द मोजत बसलेय.

मोजताना एक खड्डा आहे. जप्तीचे आकडे बहुतेक सडव्याचे असतात. पाचशे लिटर सडवा म्हणजे पाचशे लिटर दारू नव्हे, त्यातून निघते त्याच्या लहानशा भागाइतकी. दोन्ही आकडे एकत्र करून आलेख काढला की गाव दारूत बुडालेलं दिसतं. दुसरा खड्डा 'गावठी' या शब्दाचा. त्यात मोहाची, गुळाची आणि कारखान्यातलं स्पिरिट मिसळलेली, तिन्ही एकाच नावाने येतात. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने. तो विषाचा इतिहास वेगळा आहे, मडक्याच्या इतिहासात तो न तपासता ओतू नका.

राज्यं भाषेवर बदलली त्याचाही या मडक्यावर परिणाम झालाय. मध्यप्रांताचा १९१५ चा अबकारी कायदा आजही 'मध्य प्रदेश अबकारी कायदा' म्हणून जिवंत आहे, आणि त्याखाली पुढे आदिवासींना घरच्या वापरापुरती दारू गाळायची सवलत मिळाली. छत्तीसगडातही ती आहे. गोंड तिकडेही आहेत आणि इकडेही. नामकरणाला, लग्नाला, मौतीला देवापुढे आणि पूर्वजांपुढे मोहाचे चार थेंब जमिनीवर सोडायची रीत दोन्हीकडे आहे. विदर्भ भाषेप्रमाणे मराठी राज्यात आला, हे आपल्याला योग्यच वाटतं, मलाही वाटतं. पण त्या बदलाच्या हिशेबात मडक्याची नोंद कोणी ठेवली नाही. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध उठवायचं ठरवलं. फूल मोकळं झालं. मध्य प्रदेशाने त्याच सुमारास मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाजारात आणायचं धोरण घेतलं. पुण्यात २००९ पासून काचेआड चकचकीत टाक्या ठेवून तिथेच ताजी बिअर देणारी ठिकाणं आहेत. तिथे भांडं हीच शोभा असते.

हे इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, हिला दारूचं कौतुक आहे. नाही. जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत. शेजारी वर्धा कोरडा, गडचिरोली १९९३ पासून कोरडा, चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडा. यवतमाळला बंदी हवी ही मागणी म्हणूनच जोर धरून राहिली. २००८ च्या सरकारी आदेशाने गावातल्या निम्म्या महिला मतदारांनी ठरवलं तर परवान्याचं दुकान बंद होतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात: दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी बाटली. भांड्याच्या इतिहासात मला हे चिन्ह फार मोलाचं वाटतं. १९७३ च्या देशी दारूच्या नियमांनंतर मळीपासून कारखान्यात केलेली, सील केलेली दारू गावोगावी पोचली आणि दारूचं चित्र म्हणजे बाटली हे पक्कं झालं. मतपत्रिकेवर मडकं नाही. आडवी बाटली जिंकली तरी नाल्यावरचा ड्रम उभाच. मला अशाही बायका भेटल्या ज्यांनी आडव्या बाटलीला मत दिलं आणि ज्यांच्या घरी देवासाठी मडकं होतं. मी त्यांना विचारलं, यात विरोध नाही वाटत? त्यांना प्रश्नच कळला नाही. माझ्याच डोक्यात 'दारू' हा एक शब्द होता, त्यांच्याकडे त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

पुरावा कोणाचा उरतो याचं एक उदाहरण देते. १० जुलै १९३० ला पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. आणे याच जिल्ह्यातल्या वणीचे. तारीख, ठिकाण, नाव, सगळं मिळतं, कारण तो कायदा उघडपणे, सांगून मोडला होता. मडक्यानेही जंगलाच्या आणि अबकारीच्या कायद्यांना रोज बगल दिली, पण लपून. लपून केलेल्याचा इतिहास पकडणाऱ्याच्याच वहीत उरतो.

आणि त्या वहीत माझी वहीही येते. आता जे सांगते ते तुमच्या विभागातल्या पद्धतिशास्त्राच्या तासाला कदाचित कोणी सांगणार नाही.

पहिल्या वर्षी मी त्या आजीच्या मडक्याचा फोटो काढला. तिने काढू दिला. विभागातल्या सेमिनारमध्ये तो पडद्यावर दाखवला. खाली मोठ्या अक्षरांत गावाचं नाव, तारीख, आणि फोनने आपोआप जोडलेलं ठिकाण. टाळ्या झाल्या. पुढच्या खेपेला मी आजीला कौतुकाने सांगितलं की तुझं मडकं वीस-पंचवीस लोकांनी पाहिलं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माह्यं मडकं दिसते काय त्यात?"

"हो आजी, एकदम स्पष्ट."

"मंग पोलिसाले बी दिसन."

मी तिला समजावलं की तिथे फक्त विद्यार्थी होते, प्राध्यापक होते, कोणी काही करणार नाही. खरंच कोणी काही केलं नाही. पण दीड महिन्याने गेले तर चुलीमागची जागा रिकामी होती. तिने ते स्वतःच फोडलं होतं. तिच्या सासूच्या वेळेपासूनचं, असं ती आधी म्हणाली होती. खापरं परसात टोमॅटोच्या वाफ्याला लावली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, चहाही दिला. फक्त त्या दिवशी मी वही काढली तेव्हा ती उठून पाणी भरायला गेली.

विद्यापीठाचं संमतीपत्र माझ्याकडे होतं, तिचा अंगठाही होता. त्या कागदात 'फोटो वापरला जाऊ शकतो' असं लिहिलं होतं. कुठे वापरला जाईल आणि त्याचा अर्थ ६५ (फ) मध्ये काय होतो, हे लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा मलाच ते कलम माहीत नव्हतं. संमती घेण्याआधी आपल्या विषयाचा कायदा पाठ असायला हवा, हे मला मडकं फुटल्यावर कळलं. तेव्हापासून माझ्या टिपणांत गावांना आकडे आहेत, आणि आकड्यांची किल्ली लॅपटॉपवर नाही, कागदावर आहे. फोटो पुसून टाकले. प्रबंधात भांड्यांची चित्रं हाताने काढलेली असतील. एक परीक्षक यावर नाक मुरडणार याची मला खात्री आहे.

यंदा मोहाच्या हंगामात परत गेले. आजीच्या सुनेने बाजारातून नवं मडकं आणलं होतं. त्यात शेजारणीच्या घरून मागून आणलेला तांब्याभर सडवा ओतला होता, आतून फिरवून सगळीकडे लावला होता, वर फडकं बांधलं होतं. किती दिवसांनी मुरेल असं विचारलं तर सून म्हणाली, दोन हंगाम तरी जातील. आजी खाटेवरून बघत होती. वही मी पिशवीतून काढली नाही. रात्री मुक्कामी आल्यावर एवढंच लिहिलं: गाव ७. मडकं १, मातीचं, नवीन.